नोकरी दिली, पण निरोप कोण सांगणार?

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या ज्या कारखान्यात मी काम करते तिथे पुठ्ठ्याचे खोके बनतात. शेव-नमकीनवाल्यांपासून पीथमपूरच्या औषध कंपन्यांपर्यंत सगळ्यांना लागतात ते कोरुगेटेड खोके. भरती, हजेरी, पगार, ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, पीएफ, कुणाला मुलीच्या लग्नासाठी अ‍ॅडव्हान्स, सगळं माझ्या टेबलावरून जातं. गेल्या काही वर्षांत आम्ही दिव्यांग माणसं कामावर घेतली. बरीचशी टिकली, काही गेली. हे आसपास कळल्यापासून मला दोन प्रकारचे फोन येतात. एक रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरातून, ओळखीपाळखीच्या लोकांचे: "अगं, आमच्या नणंदेचा मुलगा आहे, ऐकू येत नाही त्याला, तुमच्याकडे कुठे लागेल का?" दुसरे आमच्याच रस्त्यावरच्या कारखान्यांतून: "मॅडम, रख तो लें, पर बाद में कोई झंझट तो नहीं?" प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढावं असं वाटलं.

सुरुवात माणसांच्या टंचाईतून झाली. होळीच्या आधी भगोरिया लागला की झाबुआ, आलीराजपूर, धारकडची आमची माणसं गावी जातात, आणि जायलाच हवीत, त्यांचा तो वर्षाचा सण आहे. पण तेवढे दिवस पेस्टिंग आणि स्टिचिंगची लाइन निम्म्यावर येते. अशाच एका टंचाईत मी मालकांना म्हटलं, इंदूरातच इतकी मूकबधिर मुलं-मुली शिकून घरी बसली आहेत, त्यांना आपण का विचारत नाही? मालक म्हणाले, "अपने यहाँ ये हो चुका है. टिकते नहीं."

ती माझ्या आधीच्या काळातली गोष्ट. दोन कर्णबधिर मुलं घेतली होती, काही महिन्यांनी दोघंही यायची बंद झाली. रजिस्टरात शेरा होता, 'बिना सूचना अनुपस्थित'. त्या एका शेऱ्यावर अख्ख्या कारखान्याचं मत बनून बसलं होतं.

मी त्यांच्यातल्या एकाच्या घरी गेले, परदेशीपुऱ्यात. त्याची बहीण मध्ये बसून खुणांनी त्याच्याशी बोलत होती आणि मला हिंदीत सांगत होती. कामाबद्दल त्याची एकही तक्रार नव्हती. मशीन आवडायचं, पगार वेळेवर मिळायचा. पण ओव्हरटाइमची यादी तोंडी सांगितली जायची, आपलं नाव लागलं होतं हे त्याला दुसऱ्या दिवशी कळायचं. दिवाळीचा बोनस कॅन्टीनमध्ये जाहीर झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून यानेही वाजवल्या. कशासाठी, ते पगार हातात पडल्यावर समजलं. मग एक दिवस लाइटच्या दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवायचं ठरलं. आदल्या रात्री सगळ्यांना फोन गेले. याला फोन करून काय उपयोग, म्हणून कुणी केला नाही, आणि मेसेज टाकायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. हा सकाळी सायकल मारत आला तर फाटकाला कुलूप. चौकीदाराने हाताने 'जा, जा' केलं. त्याला वाटलं, आपल्याला काढून टाकलं. तो परत आलाच नाही, आणि त्याच्या मागोमाग दुसराही.

सुट्टीची सूचना त्यालाच मिळाली नव्हती, हे त्या रजिस्टरात कुठे लिहिलेलं नव्हतं.

तिथून निघाले तेव्हाच माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आणि पुढे जे जे पाहिलं त्याने ती आणखी पक्की होत गेली. दिव्यांग माणूस कामावर अडतो ते मशीनपाशी फार क्वचित. तो अडतो बातमीपाशी. कोणाला कधी काय कळतं, पगारवाढीचं कोण बोलतं, जेवताना कोण कोणाशेजारी बसतं, सुपरवायझर रागावला तर का रागावला, या सगळ्यातून तो बाहेर राहतो आणि एक दिवस निघून जातो. आपण म्हणतो, टिकत नाहीत.

मालकांकडे नुसती कळकळ घेऊन गेले असते तर चहा पाजून परत पाठवलं असतं, म्हणून आधी कायदा वाचला. दिव्यांगजन अधिकार कायदा २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, यात २१ आहेत. नोकरीतलं ४ टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांसाठी आहे, खासगी कारखान्याला तशी सक्ती नाही. कलम ३५ एवढंच म्हणतं की खासगी मालकांकडे निदान ५ टक्के माणसं दिव्यांग असावीत यासाठी सरकारने त्यांना प्रोत्साहन द्यावं. पण म्हणून खासगीवाला मोकळा सुटला असं नाही. समान संधीचं धोरण लिहून जाहीर करणं प्रत्येक आस्थापनेला बंधनकारक आहे. २० किंवा जास्त माणसं असतील तर कोणती कामं दिव्यांगांना देता येतील, निवड कशी करणार, बढतीआधी प्रशिक्षण काय, सोयी कोणत्या, हे सगळं त्यात यावं लागतं आणि एक संपर्क अधिकारी नेमावा लागतो. आमच्या रस्त्यावरच्या ज्या ज्या कारखान्यात मी हे सांगितलं, तिथे असा काही कागद करायचा असतो हेच बहुतेकांना नवीन होतं.

पैशाच्या बाजूने मालकांना पटण्यासारखी गोष्ट ईएसआयची निघाली. इतर कामगारांना २१,००० रुपये पगारापर्यंत ईएसआय लागू होतो, दिव्यांग कर्मचाऱ्याला २५,००० पर्यंत. आणि त्याच्यासाठी मालकाने भरायचा ३.२५ टक्के हिस्सा पहिली १० वर्षं केंद्र सरकार उचलतं. रक्कम माणशी फार मोठी नाही. पण मालकांना त्यातून एक कळलं, की हे लोक विम्यात बसतात, त्यांच्यासाठी वेगळी वाट काढावी लागत नाही. त्यांच्या मनातली अर्धी भीती तीच होती.

उरलेली अर्धी मशीनची. "मॅडम, फोर्कलिफ्ट पीछे से आई और इसने सुना नहीं तो?" प्रश्न रास्तच होता, तो झटकून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. म्हणून मी आणि आमचे सुपरवायझर अख्ख्या शेडमधून चालत गेलो. ते देवासचे, मराठीच, सगळे त्यांना काका म्हणतात. एका वहीत लिहीत गेलो, की इथे कोणता आवाज कामाचा आहे. शिफ्टचा भोंगा. आगीची घंटा. फोर्कलिफ्टचा हॉर्न. डाय पंचिंगवर, म्हणजे खोक्याचा आकार कापणाऱ्या मशीनवर, पुठ्ठा अडकला की होणारा खडखडाट. आणि काकांची हाक. बस, यादी एवढीच. कोरुगेटर, म्हणजे कागदाला नागमोडी घड्या पाडणारं मशीन, चालू असताना त्याच्याजवळ ऐकू येणाऱ्यालाही दुसऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. तिथली माणसं कैक वर्षांपासून हातानेच बोलतात: मूठ वर म्हणजे थांबव, दोन बोटं म्हणजे दुसरा रोल लाव, तळहात खाली म्हणजे वेग कमी कर. हे काका मला समजावून सांगत होते आणि सांगता सांगता स्वतःच थांबले. म्हणाले, "म्हणजे ताई, इथे तर सगळे बहिरेच आहेत की."

मग भोंग्याबरोबर आणि आगीच्या घंटेबरोबर लुकलुकणारे लाल दिवे लावले, संडासातसुद्धा, कारण आग लागली तेव्हा माणूस तिथे असू शकतो. फोर्कलिफ्टच्या पुढेमागे जमिनीवर निळा ठिपका पाडणारा दिवा बसवला, वळणांवर गोल आरसे टांगले, चालायची वाट पिवळ्या पट्ट्यांनी आखून घेतली. डाय पंचिंगवर सुरुवातीला कोणा नवीन माणसाला ठेवायचं नाही असं ठरलं. हा नियम ऐकू येणाऱ्यांनाही लावला, कारण बोटं सगळ्यांची सारखीच जातात. सगळा खर्च एका जुन्या मशीनच्या वर्षाच्या दुरुस्तीपेक्षा कमी आला.

मुलाखतींना मी दुभाषी बोलावली. तुकोगंज पोलीस ठाण्यात मूकबधिरांसाठी मदतकेंद्र चालतं, त्यामुळे शहरात या भाषेचं काम करणारी माणसं आहेत हे मला ठाऊक होतं. विचारत विचारत एका बाईंपर्यंत पोचले. त्यांना रीतसर मानधन दिलं. यावर मालक थोडे कुरकुरले, "घरवाले आते ही हैं साथ में, वो बता देंगे." मी हट्टच धरला. घरचे येतात ते प्रेमाने येतात, पण मुलाला प्रश्न विचारला की उत्तर आई देते. एका मुलीला विचारलं, रात्रपाळी चालेल का? वडील म्हणाले, नाही. दुभाषी बाईंनी प्रश्न मुलीकडे वळवला तेव्हा तिने वडिलांकडे न बघता खूण केली: परतीला गाडी मिळणार असेल तर चालेल. वडील बघतच राहिले.

कागदपत्रांचा भाग मात्र कंटाळवाणा आणि लांबणारा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, असल्याशिवाय कायद्याचा कोणताही लाभ हातात येत नाही. कार्डाचे रंग तीन: ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० पासून ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. लाभ ४० पासून सुरू होतात. आमच्याकडे आलेल्या बऱ्याच जणांचं कार्ड आधारवरच्या नावापाशी अडलेलं होतं, किंवा समग्र आयडीत, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-ओळख क्रमांकात, आडनाव वेगळं. कोणी कानाची तपासणी लहानपणी केली ती केली, पुन्हा कधीच नाही. ही कामं आम्ही आमच्या वेळात करून दिली, हजेरी लावून. माझ्या मते मालकाने द्यायची पहिली सोय हीच आहे. रोजंदारी बुडवून माणूस दवाखान्याच्या रांगेत किती वेळा उभा राहणार? आणखी एक गोष्ट घरोघर आडवी येते. नोकरी लागली तर दिव्यांगांची सरकारी पेन्शन जाईल ही भीती. महिन्याची ती छोटी रक्कम, पण मरेपर्यंतची, आणि नोकरी आज आहे उद्या नाही. आयांना मी यावर कधी भाषण दिलं नाही, कायम नियुक्तीचं पत्र दाखवलं.

आता निरोपाचं. आम्ही एकच नियम केला: कारखान्यात जे तोंडी सांगितलं जाईल ते लिहून किंवा दाखवूनही सांगितलं जाईल, त्याशिवाय ते सांगितलं असं धरायचं नाही. ओव्हरटाइमची यादी दुपारच्या जेवणाआधी फळ्यावर. सुट्टी, बोनस, पगाराची तारीख व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. लिहिताना वाक्यं लहान. हे मला दुभाषी बाईंनी शिकवलं: जन्मापासून ऐकू न येणाऱ्याची पहिली भाषा खुणांची, हिंदी त्याच्यासाठी शाळेत शिकलेली दुसरी भाषा, आणि दोघींची वाक्यरचना वेगळी. 'आवश्यक कार्यवश कल प्रतिष्ठान बंद रहेगा' असं लिहिलं तर वाचून कळेलच असं नाही. 'मंगलवार १२ तारीख. छुट्टी. बुधवार आना.' एवढं पुरतं. पगारवाढीसारखी नाजूक बोलणी असली की त्या बाई व्हिडिओ कॉलवर येतात.

काकांनी सांकेतिक भाषा शिकायला आधी साफ नकार दिला. "या वयात?" पण दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संस्थेचा शब्दकोश आहे, २०२१ च्या आवृत्तीत १०,००० शब्द, प्रत्येकाचा व्हिडिओ. तो त्यांच्या नातीने त्यांना मोबाइलवर उघडून दिला. त्यात खोके, गोंद, पिना, टेंपो अशी आमच्या कामाची जी खूण सापडेना ती पोरांनी आपापसात ठरवून काकांना शिकवली. एकदा काका एका मुलाला रागावत होते, पिना वाकड्या लागल्या होत्या, आणि रागावणं पूर्ण खुणांमध्ये चाललं होतं. तो मुलगाही तितक्याच जोरात उलट वाद घालत होता, की वायर खराब आली आहे, माझी चूक नाही. वायर खरंच खराब निघाली. मला फार बरं वाटलं, कारण त्याच्याआधी त्या मुलांना कोणी रागावतही नव्हतं. काम बिघडलं की हसून पाठ थोपटायचे आणि माल गुपचूप दुसऱ्याकडून करून घ्यायचे. असं जपणं म्हणजे माणसाला हिशेबातून वगळणंच.

हिशेबावरून आमच्या अकाउंट्समधल्या मुलाची गोष्ट. पूर्ण अंध, बी.कॉम. झालेला. आमचे अकाउंट्सचे मुख्य म्हणाले, बिलं न बघता जुळवणार कशी? तेव्हा ३ मार्च २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ताजा होता. मध्य प्रदेशच्या न्यायिक सेवेत अंध उमेदवारांना येऊच न देणारा नियम न्यायालयाने रद्द केला होता, आणि प्रकरणाची सुरुवात एका अंध उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रातून झाली होती. मी म्हटलं, याच राज्यात अंध माणूस न्यायाधीश होऊ शकतो, मग पुठ्ठ्याची बिलं जुळवायला काय हरकत आहे? त्यांनी चाचणी घ्यायचं कबूल केलं.

त्याने आपला लॅपटॉप आणला. त्यावर एनव्हीडीए नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर होतं, पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारं. ते इतकं भरभर बोलत होतं की आम्हाला एक अक्षर कळेना. एक्सेलमधल्या खरेदीच्या याद्या त्याने आमच्या जुन्या माणसाच्या वेगाने जुळवल्या आणि एक बिल दोनदा चढलं होतं तेही काढून दाखवलं. मग आम्ही त्याला कार्यालयाची नेहमीची पत्रं उघडून दिली, आणि तो गप्प झाला. आमचा सगळा हिंदी पत्रव्यवहार तेव्हा कृतिदेव नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप व्हायचा, मध्य प्रदेशात अजून कितीतरी कार्यालयांत होतो तसा. कृतिदेवमध्ये डोळ्यांना हिंदी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं असतात. 'भारत' हा शब्द त्याच्या कानात 'एच के के जे आर' असा पडत होता. अख्खं पत्र असं. त्याने दोन ओळी ऐकल्या आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, इसको यूनिकोड में कर दीजिए, फिर मैं आपको इसकी गलतियाँ भी बता दूँगा."

करून घेतलं. नवीन पत्रं युनिकोडमध्ये, जुन्यांसाठी कन्व्हर्टर. बिलांचे नुसते फोटो पाठवणाऱ्या पुरवठादारांना मूळ फाइल पाठवायला सांगितलं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे काही पडदे त्याला वाचता येत नव्हते, तेवढं एक्सेलमध्ये काढून द्यायचं काम शेजारच्या टेबलावर गेलं आणि त्या टेबलावरचं फोनवरून वसुलीचं काम त्याच्याकडे आलं, जे तिथे कोणालाच नको होतं. या अदलाबदलीला कायद्याच्या भाषेत मोठं नाव आहे. प्रत्यक्षात दोन टेबलांनी आपसात बोलून अर्ध्या तासात ठरवलं.

तो पुढे सरकारी बँकेची परीक्षा पास होऊन गेला. अंध उमेदवारांच्या राखीव जागेवर. मालक जरा खट्टू झाले, "सिखाया हमने, ले गया बैंक." माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी त्यांनाही सांगितलं. दिव्यांगांना कामावर घ्या असं सांगताना पुष्कळ लोक एक वाक्य हमखास टाकतात, की हे लोक प्रामाणिक असतात, सोडून जात नाहीत. मला हे वाक्य मुळीच आवडत नाही. सोडून जात नाहीत याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की त्यांना दुसरीकडे कोणी घेत नाही, आणि हे एकदा मालकाच्या लक्षात आलं की पगारवाढ त्यांचीच थांबते. आमच्याकडेही पगाराचा तक्ता काढून बघितला तेव्हा स्टिचिंगवरच्या एका कर्णबधिर मुलाचा दर त्याच्याबरोबर लागलेल्या इतरांपेक्षा मागे पडलेला दिसला. मुद्दाम कोणी केलं नव्हतं. बाकीचे येऊन मागतात, भांडतात. हा कधी मागायला आला नाही, एवढंच. आता वाढ मागण्यावर नाही, तक्त्यावर मिळते, सगळ्यांना. ज्याला बाहेर जास्त मिळेल त्याने जावं. जो जाऊ शकतो आणि तरी राहतो, त्यालाच टिकला असं म्हणता येईल. अकाउंट्सच्या त्या जागेवर नवा माणूस शोधायची वेळ आली तेव्हा त्याच मुख्यांनी मला सांगितलं, अंध उमेदवारांमध्येही बघा. ते मला महत्त्वाचं वाटतं.

टिकवण्याची खरी परीक्षा आली ती आमच्याच जुन्या माणसावरून. पुठ्ठ्याला खाचा पाडणाऱ्या स्लॉटर मशीनचा ऑपरेटर, पंधराएक वर्षांचा अनुभवी. सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलला ट्रकने उडवलं, एक पाय गुडघ्याखाली गेला. कामावरचा अपघात नव्हे. सरकारी नोकरीत असता तर कायद्याने त्याला काढता आलं नसतं. सेवेत असताना अपंगत्व आलं तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं, तशी जागा नसली तर जागा होईपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पदावर ठेवावं लागतं. पण हे कलम सरकारी आस्थापनांपुरतं आहे. आमच्या मालकांपुढे दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. हिशेब चुकता करून, वर थोडे जास्त देऊन निरोप द्यावा असं सुचवणारे लोक कार्यालयात होते, आणि ते वाईट लोक नव्हते.

मी त्याला दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "ताई, माझ्या मशीनवर कोण बसलाय?" त्यावर काय बोलावं मला कळेना. परत येऊन काकांना विचारलं, याला उभं न राहता करता येईल असं काय आहे, ज्यात याचा अनुभव वाया जाणार नाही? काका लगेच म्हणाले, टेस्टिंग. आमच्याकडे पुठ्ठा किती दाबाला फुटतो, कागद किती जाड-वजनाचा आहे, तयार खोका किती वजन झेपतो, हे तपासायची छोटी लॅब आहे. तिथला मुलगा यंत्राचा आकडा वाचायचा आणि लिहायचा. आकडा का पडला हे त्याला सांगता यायचं नाही. आमचा ऑपरेटर पुठ्ठा अंगठ्याने दाबून सांगतो की आतली नागमोडी घडी चेपली आहे की गोंद कच्चा राहिलाय, आणि कोणत्या मशीनवर राहिलाय.

लॅब पोटमाळ्यावर होती, ती खाली आणली. एवढं जमलं. तरी तो कृत्रिम पाय बसवून रुजू झाल्यावर दुपारनंतर घरी जाऊ लागला, रोज काही ना काही कारण सांगून. लॅबमधल्या मुलाने मला बाजूला घेऊन सांगितलं. कारखान्यातले सगळे संडास भारतीय पद्धतीचे होते. कृत्रिम पाय लावून उकिडवं बसता येत नाही, म्हणून तो सकाळपासून पाणीच पीत नव्हता, आणि दुपारी असह्य झालं की घरी जात होता. एवढा मोठा माणूस, हे सांगणार कोणाला? आठवड्याच्या आत एक कमोड बसला, भिंतीला धरायला दांडा बसला. त्यानंतर तो पूर्ण शिफ्ट करतो. मागच्या दिवाळीत त्याला क्वालिटीचा इनचार्ज केलं, आणि ग्राहकाचा माणूस तक्रार घेऊन आला की आता आधी त्याच्याकडेच जातो.

जे जमलं नाही तेही सांगायला हवं. व्हीलचेअरवरचं माणूस आजही आमच्याकडे काम करू शकत नाही. आत रॅम्प करता येईल, पण बसच्या थांब्यापासून फाटकापर्यंतचा रस्ता माझ्या हातात नाही. एक चांगली, चलाख कर्णबधिर मुलगी बसचा मार्ग बदलल्यावर सोडून गेली. तेव्हापासून स्त्रियांसाठी कारखान्याची गाडी मागते आहे, अजून मिळालेली नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना घेण्यासाठी सुरुवातीचे काही महिने शेजारी उभं राहून शिकवणारं माणूस लागतं, ते नेमायला मालक तयार झालेले नाहीत. मी तो विषय दर बैठकीत काढते आणि काढत राहीन. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग माणसं मोजली गेली. त्यांतली काही याच रस्त्याच्या आसपासच्या वस्त्यांत राहतात आणि आमच्या फाटकापुढून रोज जातात.

फोन करणाऱ्या कारखानदारांना मी आता एकच सांगते: येऊन बघा. आणि येताना तुमच्या सुपरवायझरला आणा, एचआरवाल्याला नंतर. शेजारच्या एका प्लास्टिकच्या कारखान्याचे मालक आले होते. मला वाटलं होतं कायद्याचं विचारतील. त्यांनी फोर्कलिफ्टच्या निळ्या दिव्याकडे बोट दाखवून विचारलं, ये किसने लगाया? इलेक्ट्रिशियनचा नंबर घेऊन गेले. त्यांच्याकडे आता पॅकिंगवर कर्णबधिर मुली आहेत आणि त्यांचे सुपरवायझर अडलं की आमच्या काकांना व्हिडिओ कॉल करतात.

आणि घरच्यांसाठी: सध्या आमच्याकडे स्टिचिंगवर दोन जागा आहेत. अनुभव नसला तरी चालेल, यूडीआयडी अर्धवट असलं तरी चालेल, ते आपण करून घेऊ. मुलाखतीला मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर जरूर या, बसा, चहा घ्या. पण उत्तरं त्यांनाच देऊ द्या. दुभाषी आम्ही बोलावतो.